‘कुठंच गेलो नाही’ : दिवाळीची सुट्टी, आपलं अर्धापूर आणि मुलांचा निबंध



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की मराठीच्या तासाला एक विषय ठरलेला असतो : ‘मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली’. तीन वर्षांपूर्वी मीही चौथीच्या वर्गात फळ्यावर हाच विषय लिहिला आणि म्हटलं, लिहा दहा ओळी. मुलं माना खाली घालून लिहायला लागली. एक मुलगा मात्र पेन्सिलीला टोक करत बसला होता. टोक झालं तरी करतच होता. जवळ जाऊन विचारलं, "काय रे, लिहीत का नाहीस?"

"मॅडम, आम्ही कुठंच गेलो नाही. फक्त मामाकडं गेलतो. काय लिहू मग?"

मी घाईत होते. "काहीतरी लिही," म्हणाले आणि पुढं गेले. संध्याकाळी घरी वह्या तपासायला घेतल्या. त्याच्या वहीत तीन ओळी होत्या : ‘दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावाला गेलो. तिथे समुद्र होता. मला खूप मजा आली.’

त्याच्या मामाचं गाव मला माहीत होतं. अर्धापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथं समुद्र कुठून येणार? तिथं केळीच्या बागा आहेत.

आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. कारण समुद्र त्याच्या डोक्यात मीच घातला होता. आदल्या वर्षी फळ्यावर मुद्दे मीच दिले होते : प्रवास, निसर्गरम्य ठिकाण, समुद्रकिनारा, खूप मजा. निबंधात असंच लिहायचं असतं, असं त्याला वाटलं तर त्याची चूक काय? आपली सुट्टी वहीत लिहिण्यासारखी नाही, हे तो माझ्याकडूनच शिकला होता. त्या दिवसापासून मी हा विषय वेगळ्या पद्धतीनं घेते. ते कसं, आणि त्याआधी आपल्या छोट्या गावात सुट्टीत नेमकं काय असतं, ते या लेखात मांडते आहे.

सुट्टीकडं आपण गंभीरपणे बघतो का?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. प्रत्यक्षात शाळा त्याहून थोडी जास्त भरते. तरी रविवार, सण आणि दोन मोठ्या सुट्ट्या धरल्या तर मूल वर्षातले शंभराहून जास्त दिवस शाळेबाहेर असतं. या दिवसांत ते जे बघतं, करतं, त्याला शिक्षणात जागा नाही असं मानणं बरोबर नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही पहिलं तत्त्व हेच सांगितलं आहे, की शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा.

दुसरी गोष्ट, विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ वं कलम त्यासाठीच आहे, आणि भारतानं हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. म्हणून सुट्टीला वाया गेलेला वेळ समजू नये, एवढं आधी आपण मोठ्यांनी मान्य करायला हवं.

तयार निबंधात आणि आपल्या अंगणात काय असतं?

बाजारात मिळणाऱ्या निबंधाच्या पुस्तकात दिवाळी म्हटलं की मुलं मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. छान प्रथा आहे, पण ती पुण्या-साताऱ्याकडं जास्त. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी किल्ला कधी केलेला नसतो, तरी वहीत लिहिलेला असतो.

आपल्याकडं पाडव्याच्या सकाळी अंगणात शेणाचे पांडव मांडतात. आजी शेण कालवते, नाती शेजारी बसून हात-पाय लावतात, वर झेंडूची फुलं खोचतात. तांड्यावरच्या घरांत वेगळंच असतं. अमावस्येच्या रात्री बंजारा मुली दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागायला जातात, दुसऱ्या दिवशी सकाळी रानातून फुलं आणतात आणि गोधनाची पूजा होते. माझ्या वर्गात तांड्यावरच्या दोन मुली होत्या. दोघींनीही निबंधात किल्ला लिहिला होता, मेरा एकीनंही लिहिला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "ते पुस्तकात नाही ना मॅडम."

अर्धापूरच्या सुट्टीत काय काय असतं?

मुलांशी बोलून आम्ही वर्गात यादी केली. ती इथं देते. तुमच्या गावाची यादी थोडी वेगळी निघेल.

*पहाट.* कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळांत काकडा चालतो. दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते. थंडी नुकतीच पडायला लागलेली असते. आजोबांच्या उपरण्यात गुरफटून पहाटे देवळात जायचं, टाळ वाजवायचा, प्रसाद घ्यायचा आणि घरी येऊन पुन्हा झोपायचं. गावात केशवराजाचं जुनं मंदिर आहे, वाडी-वस्तीवर लहान लहान मंदिरं आहेत. एका मुलानं सांगितलं, "काकड्याला गेलं की कुत्री पण ओळखीची होतात."

*बाजार.* पणत्या, झेंडू, बत्तासे, साळीच्या लाह्या, लक्ष्मीपूजनाची केरसुणी. आपण नवीन केरसुणीला ‘लक्ष्मी’च म्हणतो आणि तिला हळद-कुंकू वाहतो. पूर्वापार ती शिंदीच्या पानांची करतात. याच दिवसांत सीताफळाच्या पाट्या येतात. सीताफळाचे डोळे उघडले की ते काढायचं आणि ज्वारीत नाहीतर गव्हात दडपून ठेवायचं. मग रोज जाऊन अंगठ्यानं दाबून बघायचं. घरातली सगळी पोरं दाबून दाबूनच ते अर्धं पिकवतात!

*शेत.* अर्धापूर म्हटलं की केळी. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा कालवा आणि विहिरी-बोअरचं पाणी यांवर इथल्या बागा उभ्या आहेत. घड कापायला आले की बागेजवळ ट्रक लागतात आणि माल पार उत्तर भारतात जातो. मुलांना इथं फार गोष्टी माहीत असतात. केळीला घड एकदाच येतो, मग ते खोड तोडून बुडातलं पिल वाढवतात. खोड सोललं तर आत लाकूड नसतं, नुसते पदरावर पदर निघतात. वाळलेल्या सोपटानं गाठी बांधता येतात. आणि केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जन्मभर जात नाही. परिसर अभ्यासाचा आख्खा धडा आहे हा. शेजारच्या शेतात सोयाबीनची मळणी होऊन गेलेली असते, कापसाची वेचणी चालू असते. सोयाबीन कसं गेलं आणि भाव काय लागला, यावर नवे कपडे कधी येणार ते ठरतं, हे चौथीतल्या मुलालाही कळतं.

*एसटी.* भाऊबिजेला आईबरोबर मामाकडं जायचं. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला एसटीत अर्धं तिकीट असतं. मार्च २०२३ पासून महिलांनाही एसटीचं भाडं निम्मं झालं. म्हणजे आई आणि लेकरू मिळून एकच पूर्ण तिकीट! हे उदाहरण मी अपूर्णांक शिकवताना वापरते, एकही मूल चुकत नाही. खिडकीची जागा कोणाला, यावरून भावंडांत होणारं भांडण हेही प्रवासवर्णनच आहे. एखादा दिवस नांदेडला जाऊन गुरुद्वारा बघायचा, लंगरमध्ये जेवायचं आणि संध्याकाळी परत यायचं. वीसेक किलोमीटरचा प्रवास, पण मुलांना तो महिनाभर पुरतो.

हे आनंद छोट्या गावातच का सापडतात?

यावर मी बराच विचार केला. मला चार कारणं दिसतात.

पहिलं, *अंतर लहान असतं.* दळण, किराणा, पणत्या आणायला आठ-नऊ वर्षांचं मूल एकटं जाऊ शकतं. मोठ्यांनी आपल्याला पैसे देऊन पाठवलं, आपण हिशेब करून उरलेले परत आणले, याचा अभिमान मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो. शहरात हेच काम करायला रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून आई-बाप पाठवत नाहीत.

दुसरं, *ओळख असते.* दुकानदार विचारतो, "कुणाचा रे तू?" मूल बापाचं नाव सांगतं. कधी त्याला बापाच्या नावावरून ओळखतात, कधी आजोबांच्या. त्या एका प्रश्नात मुलाला कळतं की आपण या गावातले आहोत.

तिसरं, *वाट बघायला लागते.* सीताफळ पिकण्याची, सोयाबीनचे पैसे येण्याची, आत्या येण्याची. हातात लगेच मिळालेली वस्तू मूल लवकर विसरतं. चार दिवस वाट बघून मिळालेलं त्याच्या लक्षात राहतं, आणि लक्षात राहिलेलंच लिहिता येतं.

चौथं, *हातभार लागतो.* करंजीला मुरड घालणं, अंगणात सडा टाकणं, वासराला पाणी पाजणं. आपल्यावाचून काहीतरी अडलं होतं, असं मुलाला वाटतं.

या आनंदासाठी लांब जावं लागत नाही, हे लातूरकडची वेळ अमावस्या बघितली की पटतं. मार्गशीर्ष अमावस्येला तिथं आख्खी शहरं रिकामी होतात आणि माणसं शेतात जाऊन भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खातात. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. ज्याचं शेत नाही त्याला दुसरा आपल्या शेतात जेवायला बोलावतो. जाणं असतं फक्त गावाच्या शिवारापर्यंत.

पण सगळ्यांची सुट्टी सारखी नसते

हे लिहिताना एक भीती वाटते. गावाकडचं सगळं गोड गोड आहे, असं चित्र उभं राहायला नको.

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि आपल्या तालुक्यातल्या उसाच्या फडावर दुसरीकडच्या टोळ्या येऊन कोप्या टाकतात. त्या लेकरांची दिवाळी कोपीत होते. सुट्टीनंतर हजेरी घेताना एखाद्या नावाला ‘हजर’ येत नाही, तेव्हा शिक्षकाला पोटात कसंतरी होतं. अशा मुलांना गावातच ठेवून शिकवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. सुट्टी लागण्याआधीच पालकांना गाठून तिची माहिती द्या. सुट्टीनंतर उशीर झालेला असतो.

काही मुलं सुट्टीत कापूस येचायला जातात. कायदा इथं स्पष्ट आहे. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलानं शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोक्याचं नसलेल्या कामात, स्वतःच्या कुटुंबाला मदत केली तर चालतं. दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर जाणं चालत नाही. एखाद्या वहीत ‘मी दहा दिवस कापूस येचला’ असं आलं, तर वर्गासमोर कौतुकही करू नका आणि कीवही करू नका. वही बाजूला ठेवा, मुलाशी एकटं बोला, मग घरी जा.

आणि सगळ्यांच्या घरी दिवाळी नसते. माझ्या वर्गात मुस्लीम मुलं आहेत. फळ्यावर ‘दिवाळी’ लिहिलं की ती गप्प होतात. वास्तविक सुट्टी त्यांचीही असते. शेजाऱ्यांच्या फराळाचं ताट त्यांच्याही घरी येतं, जसं ईदला शीरखुर्म्याचं भांडं शेजारी जातं. म्हणून मी आता विषयात ‘सुट्टी’ हाच शब्द ठेवते.

वर्गात मी हा विषय कसा घेते? (इयत्ता तिसरी ते पाचवी)

१. *आधी बोलणं, मग लिहिणं.* पहिला तास पूर्ण गप्पांचा. मुलं गोल बसतात. कोणी काय बघितलं ते सांगतात. फळ्यावर मी फक्त नामं लिहिते : फणी, सोपट, केरसुणी, टाळ.

२. *विषय लहान करायचा.* ‘सुट्टी कशी घालवली’ हा विषय लेकरांना फार मोठा होतो. त्याऐवजी ‘सुट्टीतली एक जागा’, ‘सुट्टीतला एक वास’, ‘मी केलेलं एक काम’ किंवा ‘ज्याची मी वाट बघितली’ यातलं एक निवडायचं.

३. *एक आकडा, एक नाव, एक बोललेलं वाक्य.* या तीन गोष्टी निबंधात हव्यातच. किती फण्या होत्या? झाडाचं, बैलाचं, गल्लीचं नाव काय? कोण काय म्हणालं? एवढं विचारलं की तयार निबंध आपोआप गळून पडतो, कारण त्यात हे कधीच नसतं.

४. *पहिला खर्डा घरच्या बोलीत.* ‘गेलतो’, ‘येचायला’, ‘म्हणला’ असं आलं तर येऊ द्या. तांड्यावरच्या मुलीचा एखादा शब्द गोरमाटीत आला तरी चालेल, अर्थ तिलाच विचारा. प्रमाण भाषेत कसं लिहायचं ते दुसऱ्या खर्ड्यात, मुलाच्या शेजारी बसून सांगा.

५. *एक वाक्य बंद.* ‘मला खूप मजा आली’ हे वाक्य आमच्या वर्गात लिहायचं नाही, असं ठरलं आहे. मजा कशात आली, ते लिहायचं.

त्या मुलाचं पुढं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बसवलं. समुद्राबद्दल काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, "मामाकडं काय होतं ते सांग बरं." तो सांगत गेला, मग लिहिलं. शुद्धलेखन थोडं सुधारून इथं देते :

‘मी मामाच्या गावाला गेलो. तिथं केळीची बाग आहे. मामा म्हणला घडाखाली उभा राहू नको. मी लांबून मोजलं. एका घडाला नऊ फण्या होत्या. माझ्या नव्या शर्टाला चीक लागला. आईनं घासला पण डाग निघाला नाही. आई रागावली. मग मामीनं मला सीताफळ दिलं. ते कच्चं होतं. मी ते ज्वारीत ठेवलं आणि रोज बघितलं. चौथ्या दिवशी आम्ही परत आलो. सीताफळ तिथंच राहिलं.’

वर्गात वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या ओळीला सगळी मुलं "अरेरे" म्हणाली. एकानं विचारलं, "मग ते कुणी खाल्लं?" त्याला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मामाला विचारून सांगतो म्हणाला. डागाचा तो शर्ट दुसऱ्या दिवशी घालून आला आणि सगळ्यांना दाखवत फिरला. आदल्या दिवशी ज्याच्याकडं लिहायला काहीच नव्हतं, त्याच्याकडं आता सांगायला डाग होता, नऊ फण्या होत्या आणि एक राहिलेलं सीताफळ होतं.

पालकांसाठी चार गोष्टी

लेकरांना फिरायला नेता आलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. नेता आलं तर जरूर न्या. नाही जमलं तर घरातलं एक काम पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा, आणि चुकलं तरी हातातून काढून घेऊ नका.

संध्याकाळी "अभ्यास केला का?" याऐवजी "आज काय बघितलंस?" असं विचारा. उत्तर येईपर्यंत आपला मोबाइलही खाली ठेवा.

दिवाळीत घरात एक तरी वाचायचं आणा. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’च्या अंकापासूनची आहे. लहान मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर वाचायला ठेवले आहेत, शाळेच्या संगणकावरही उघडता येतात.

आणि काळजीचं एक : कालव्यावर, विहिरीवर मुलांना एकटं सोडू नका. कालव्याचं पाणी वरून शांत दिसतं, पण आत ओढ असते आणि काठ निसरडे असतात. फटाके उडवताना मोठं माणूस जवळ हवंच.

शिक्षक मित्रांनो, यंदा सुट्टीनंतर फळ्यावर विषय लिहिण्याआधी तुमच्या गावाची यादी एकदा मनात करून बघा. आणि वर्गात पेन्सिलीला टोक करत बसलेलं एखादं लेकरू दिसलं, तर माझ्यासारखं पुढं निघून जाऊ नका. जरा वेळ त्याच्याजवळ बसा. त्याचं सीताफळ कुठं राहिलंय, ते तो सांगेल.